तीन दिवसांत कॉलेज उरकता येईल का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका १९ वर्षांची आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, मुख्य विषय रसायनशास्त्र. राहते आसनगावला, कॉलेज दादरजवळ. घरातून निघाल्यापासून वर्गात बसेपर्यंत सव्वादोन तास जातात. या सत्रात २२ क्रेडिट आहेत. प्रॅक्टिकल धरून आठवड्याला २८ तास, तेही सहा दिवसांत विखुरलेले, आणि मधेमधे मिळून आठेक तास मोकळे. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सात ते साडेआठ ती नववी-दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. त्या पैशांतून रेल्वेचा पास आणि पुस्तकं निघतात. पुढे एम.एस्सी.साठी जॅम ही आयआयटींची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. दर रविवारी रात्री ती चार रंगांच्या पेनांनी आठवड्याचं वेळापत्रक आखते, आणि मंगळवार उजाडेपर्यंत ते मोडतं. तिची दादरला राहणारी मैत्रीण रोज पाच तास अभ्यास करते. “मी आळशी आहे का? सगळी लेक्चर तीन दिवसांत बसवून उरलेले दिवस घरी अभ्यास करावा का? की शिकवणी सोडून द्यावी?” असे तिचे प्रश्न आहेत.

तुझं पत्र आणि त्यासोबतचा वेळापत्रकाचा फोटो, दोन्ही नीट पाहिलं. फोटोत सोमवार ते शनिवार रात्री साडेनऊ ते साडेबारा अभ्यास आहे आणि रविवारी सलग आठ तास. हिरव्यात ऑरगॅनिक, निळ्यात फिजिकल, जांभळ्यात मायनर म्हणजे दुय्यम विषय, लालमध्ये जॅम. अक्षर सुरेख आहे, रेघा पट्टीने मारलेल्या आहेत. पण त्या कागदावर लोकल कुठेच नाही. जेवण नाही. शिकवणी नाही. भांडी नाहीत, आणि पत्रात तू ओझरतं लिहिलंयस की रात्रीची भांडी आणि सकाळच्या डब्यांची तयारी तुझ्याकडे असते. झोपेला तर कोणताच रंग मिळालेला नाही.

तू विचारतेस, मी आळशी आहे का. पावणेपाचला उठून, दिवसभर कॉलेज करून, संध्याकाळी शिकवणी घेणारी मुलगी हा प्रश्न विचारते याचंच मला वाईट वाटलं. म्हणून आधी तोच बाजूला करू. त्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागेल.

आठवड्याचे तास १६८. प्रवासाचे साडेचार तास रोज, सहा दिवसांचे २७. वर्ग आणि प्रॅक्टिकल २८. सात तासांची झोप धरली तर ४९. १८ ते २५ वयाच्या मुलांना झोपेचे तज्ज्ञ ७ ते ९ तास सुचवतात, म्हणजे मी कमीत कमी धरली आहे. शिकवणीचे साडेसात. घरकाम रोज दीड तास, म्हणजे साडेदहा. आंघोळ, जेवण, चहा, कपडे, आवराआवर याचे रोज दोन तास, म्हणजे १४. बेरीज १३६. उरले ३२, आणि त्यातले ८ कॉलेजमधल्या मोकळ्या तासांचे. म्हणजे घरी तुझ्या हातात २४ तास राहतात. तुझ्या वेळापत्रकात अभ्यास किती आहे? रात्रीचे १८ आणि रविवारचे ८, एकूण २६. आठवडाभर कुणाशी दोन शब्द बोलली नाहीस, फोन हातात घेतला नाहीस, एकदाही लोकल उशिरा आली नाही, तरीही हे वेळापत्रक दोन तासांनी तोट्यात आहे. ते मंगळवारी मोडतं यात नवल नाही. सोमवारी रात्री साडेबाराला झोपून मंगळवारी पावणेपाचला उठायचं म्हणजे सव्वाचार तास झोप. शरीराने तिथे नकार दिला. तो नकार तू आळस समजलीस.

मैत्रिणीचं म्हणशील तर ती दादरला राहते. चालत कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडे तुझ्यापेक्षा आठवड्याला पंचवीसेक तास जास्त असतात. तिचे पाच तास आणि तुझे पाच तास एका मापाने मोजूच नकोस.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. २६ तास अभ्यास हवाच, हा आकडा कुठून आला? पत्रात तू त्याचं काहीच कारण दिलेलं नाहीस, तो तू गृहीतच धरला आहेस. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाची ४० क्रेडिट म्हणजे शिकण्याचे १२०० तास असा हिशेब आहे, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. यात वर्गातलं शिकणं, प्रॅक्टिकल आणि स्वतःचा अभ्यास सगळं आलं. तुझ्या २२ क्रेडिटचे झाले ६६०. सत्राचे १५ आठवडे धरले तर आठवड्याला ४४. त्यातले २८ तू वर्गात आणि प्रयोगशाळेत घालवतेसच. उरले १६. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी विद्यार्थ्याकडून साधारण एवढीच अपेक्षा धरली आहे. परीक्षा जवळ आल्यावर ती वाढेल, एखादा विषय जड गेला तर वाढेल. पण जुलैच्या साध्या आठवड्यात तू २६ ठरवून १० करतेस आणि १६ कमी पडले म्हणून रडतेस. खरं तर सहाच कमी पडलेले असतात, आणि ते सहा भरून काढता येतात.

आता तीन दिवसांची कल्पना. ती मोहाची आहे, आणि तुझ्यासारखी अनेक मुलं मला हेच विचारतात. तीन दिवस कॉलेज, तीन दिवस घर, प्रवास निम्मा. पण २८ तास तीन दिवसांत बसवले तर रोज सव्वानऊ तासांहून जास्त वर्ग होतात, वर साडेचार तास प्रवास. सकाळी आठला सुरू होणारा दिवस मध्ये श्वास न घेता साडेपाचला संपेल, आणि सातच्या शिकवणीला तू पोचणार नाहीस. आणि चार तासांच्या प्रॅक्टिकलनंतर लागलेल्या लेक्चरमध्ये डोक्यात काय शिरतं, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

हजेरीचंही बघ. मुंबई विद्यापीठाच्या नियमांत ७५ टक्के हजेरी लागते. आठवड्याला पाच दिवस कॉलेज असेल तर सत्रात ७५ दिवस होतात, त्यातले १८ चुकले तरी निभावतं. तीनच दिवस असतील तर ४५ पैकी ११. आणि तुझं हे सत्र ऐन पावसाळ्यात आहे. कुर्ला-शीवला रुळांवर पाणी आलं, कसारा मार्गावर काही झालं, की तुझा दिवस बुडतो. तो एक दिवस बुडाला की त्या आठवड्याचं एक तृतीयांश शिकणं बुडतं. ज्या विषयाची दोन्ही लेक्चर त्याच दिवशी लावलेली असतील तो विषय त्या आठवड्यात तुला दिसतच नाही. लांबून येणाऱ्या मुलांनी सगळं थोड्या दिवसांत कोंबायचं म्हटलं की हा धोका सर्वांत आधी मोजावा.

आणि मुळात आपल्याकडे वेळापत्रक कॉलेज देतं. कोणतं लेक्चर कोणत्या दिवशी हे मुलांनी निवडायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. तुझ्या हातात तीनच गोष्टी आहेत: ओपन इलेक्टिव्ह (मुख्य विषयाबाहेरचा, आपण निवडायचा विषय) कोणता घ्यायचा, प्रॅक्टिकलची बॅच कोणती, आणि एनएसएस किंवा खेळासारखा सहशालेय उपक्रम कोणता. शोध तिथे घ्यायचा. तू पाठवलेल्या वेळापत्रकात शनिवारी आहे काय? सकाळी आठ ते दहा ओपन इलेक्टिव्ह आणि साडेदहा ते अडीच मायनरचं प्रॅक्टिकल. बस. एवढ्यासाठी साडेचार तास प्रवास. त्याच कागदावर दुसऱ्या बॅचचं तेच प्रॅक्टिकल गुरुवारी दुपारी दिसतंय, आणि मंगळवारी व गुरुवारी लेक्चर असलेले दोन ओपन इलेक्टिव्हही आहेत. या दोन गोष्टी हलल्या तर तुझा शनिवार पूर्ण सुटतो. गुरुवार लांबेल, मधले मोकळे तास आठवरून पाचावर येतील. पण प्रवासाचे साडेचार तास वाचतील आणि आठवड्यात दोन सलग दिवस घरी मिळतील. माझं मत विचारशील तर प्रयत्न या पाच दिवसांसाठी कर. तीन दिवसांचा विचार सोड.

ओपन इलेक्टिव्ह निवडताना एवढं मात्र बघ की वेळ सोयीची म्हणून अगदीच नावडता विषय घेऊ नकोस. नावडत्या दोन क्रेडिटची असाइनमेंट करायला आवडत्या चार क्रेडिटपेक्षा जास्त ताकद लागते. काही कॉलेजांत अशा विषयांऐवजी ‘स्वयम’वरचा ऑनलाइन कोर्स चालतो आणि त्याची क्रेडिट जमा होतात. आपल्या कॉलेजने कोणते कोर्स मान्य केलेत हे आधी विचारून घे, मगच नोंदणी कर. ऑनलाइन म्हणजे सोपं असं धरू नकोस. त्यांच्या असाइनमेंटच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत.

मोकळ्या तासांबद्दल तू लिहिलंस, “मधले तास फुकट जातात.” माझं मत नेमकं उलट आहे. तुझ्या आठवड्यातला सर्वांत चांगला अभ्यासाचा वेळ तोच आहे. तेव्हा दिवस असतो, डोकं ताजं असतं, ग्रंथालय दोन जिने वर असतं, शंका विचारायला सर स्टाफरूममध्ये असतात, आणि घरातलं कुणी हाक मारत नाही. रात्री साडेनऊनंतरचे तीन तास याच्या जवळपासही येत नाहीत.

उदाहरणादाखल तुझा बुधवार घे. आठ ते दहा लेक्चर, साडेबारा ते साडेचार प्रॅक्टिकल, मध्ये अडीच तास. दहाला आधी डबा खा, मैत्रिणींसोबत, निवांत. पावणेअकराला वाचनकक्षात जाऊन बस आणि बाराला ऊठ. एवढाच सव्वा तास, पण पूर्ण. फोन बॅगेत. त्यात सकाळच्या दोन लेक्चरमधलं एकच प्रकरण घे आणि त्यावरची गणितं सोडव, वही परत वाचत बसू नकोस. बारानंतर त्या दिवशीच्या प्रयोगाची पद्धत एकदा डोळ्यांखालून घाल, निरीक्षणांचा तक्ता आखून ठेव, आणि मग थोडं चाल, गप्पा मार.

आणि जर्नल. केमिस्ट्रीच्या मुलांचे रविवार खाणारी ही गोष्ट. टायट्रेशनची रीडिंग रफ पानावर पडून राहतात, दोन आठवड्यांनी फेअर जर्नल लिहायला बसलं की पायलट रीडिंग कोणतं, इंडिकेटर कोणता घातला होता, काहीच आठवत नाही. मग मैत्रिणीचं जर्नल घेऊन उतरवणं आलं. प्रॅक्टिकल संपताना शेवटची वीस मिनिटं हातात मिळतात, ब्युरेट धुऊन झाल्यावर. तेव्हाच टेबलापाशी उभ्या उभ्या आकडेमोड पूर्ण कर, निष्कर्षाची ओळ लिही आणि जमलं तर तिथेच मॅडमची सही घे. सत्राअखेर सर्टिफिकेटसाठी धावणाऱ्या मुलांचे जे दोन दिवस जातात, ते तुझे वाचतील.

लोकलचं सांगते. तू आसनगावहून सुटणारी गाडी पकडतेस, म्हणजे सकाळी बसायला मिळतं. परतताना कल्याणपर्यंत उभं राहणं ठरलेलंच. म्हणून परतीच्या प्रवासाकडून काहीही अपेक्षा करू नको. गाणी ऐक, डोळे मीट, डब्यातल्या मैत्रिणींशी बोल. तो वेळ तुझा आहे, त्याला अभ्यासाचा रंग देऊ नकोस. सकाळी मात्र जागा मिळाल्यावर चाळीस मिनिटं काढ. पुस्तक उघडू नकोस. एक कोरा कागद घे आणि काल वर्गात झालेलं न बघता लिही. समजा काल इनऑरगॅनिकमधली क्रिस्टल फील्ड थिअरी झाली. अष्टफलकी क्षेत्रात डी-ऑर्बिटल कशी विभागतात ती आकृती काढ. कोणती तीन खाली, कोणती दोन वर, आणि का. मग चतुष्फलकी काढायला घे. इथे बहुतेक अडशील. क्रम उलटतो हे आठवेल, पण विभाजन अष्टफलकीच्या चार-नवमांशच का राहतं ते सुचणार नाही. तिथे प्रश्नचिन्ह टाक. दादरला उतरेपर्यंत तुझ्याकडे वाचनकक्षात नेमकं काय उघडायचं याची यादी तयार असते.

हे मी आवडीपुरतं सांगत नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग बराच गाजला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारल्यावर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारल्यावर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलेलं होतं. तुझा अभ्यासाचा वेळ कमी आहे, तर असा अभ्यास कर की जो पुढच्या आठवड्यातही तुझ्याजवळ असेल.

आता बेरीज. सकाळच्या लोकलचे पाच दिवस मिळून सव्वातीन तास. मोकळ्या तासांतले चार. शनिवारी पाच, त्यातले चार सकाळी. रविवारी पावणेचार, दुपारनंतर काही नाही. झाले सोळा. रात्रीचा अभ्यास शून्य. पावणेदहाला झोप. शनिवार नाहीच सुटला, तरी सहा दिवसांची लोकल, आठपैकी सहा मोकळे तास, शनिवारी घरी आल्यावर दोन आणि रविवारी चार, असं करत तू सोळाशी पोचतेस. थोडं ओढून, पण पोचतेस.

तुझ्या लाल रंगाबद्दल, म्हणजे जॅमबद्दल. परीक्षा फेब्रुवारीत असते आणि तुला ती तिसऱ्या वर्षी द्यायची आहे. अजून दीड वर्षाहून जास्त वेळ आहे. तीन तासांचा पेपर, ६० प्रश्न, १०० गुण. रसायनाच्या पेपरात येतं काय, तर ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल. बराचसा भाग बी.एस्सी.ला शिकतेस तोच, फक्त जास्त खोल. मग आत्ता त्यासाठी वेगळा कप्पा कशाला? वर्गात जे प्रकरण चालू आहे, त्यावरचे जुन्या जॅम पेपरांतले पाच-सहा प्रश्न त्याच आठवड्यात सोडव. कॉलेजचा अभ्यास आणि जॅमचा अभ्यास सध्या एकच राहू दे. स्वतंत्र तयारीची वेळ पुढच्या उन्हाळ्यात येईल, तेव्हा रोजचा प्रवासही नसेल.

शिकवणी सोडू नकोस, असं मला वाटतं. त्या पैशांवर तुझा पास निघतो, पुस्तकं येतात, आणि घरी कुणाकडे हात पसरावा लागत नाही. १९व्या वर्षी ही मोठी गोष्ट आहे. पण पाचाऐवजी चार दिवस करता येतील का बघ. पालकांना सरळ सांग, “गुरुवारी माझं प्रॅक्टिकल उशिरा सुटतं, चार दिवस घेते, परीक्षेआधी जादा घेईन.” बहुतेक पालक ऐकतात. ज्यांना कामाशिवाय शिक्षण जमणारच नाही अशा वाचकांनी आपल्या कॉलेजात ‘कमवा व शिका’ योजना आहे का तेही विचारावं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली तेव्हापासून कष्ट करून शिकण्याची ही वाट महाराष्ट्रात रुळलेली आहे, आणि आज अनेक विद्यापीठांत ती योजना म्हणून चालते. ग्रंथालयात किंवा कार्यालयात काम मिळालं तर कामाला जायचा वेगळा प्रवास वाचतो, आणि मधले मोकळे तासच कमाईचे होतात.

घरातलं एक बोलायचं राहिलं. तू लिहिलंस, “भाऊ दहावीला आहे, त्यामुळे त्याला काही सांगत नाही.” बाबा कंपनीत शिफ्टला, आई दिवसभर मशीनवर, त्यांचं मी समजू शकते. पण दहावीच्या मुलाला अर्धा तास भांडी घासायला वेळ नाही आणि एस.वाय.च्या मुलीला रोज दीड तास आहे, हे कुणी ठरवलं? कुणी मुद्दाम ठरवलं नसेल, चालत आलंय. त्याच्यावर रागावू नकोस, आईशी वादही घालू नकोस. आईला तो हिशेबाचा कागद दाखव, १६८ वरून खाली आलेला. तू नेमकी कुठे थकतेस हे तिला आकड्यांत दिसेल, तक्रारीत दिसणार नाही. मग रविवारी जेवताना दोघांमध्ये वाटून घ्या: सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्रीची भांडी त्याची. सकाळच्या डब्याची भाजी रात्रीच चिरून ठेवणं आलटून पालटून. साडेदहाचे सहा-सात तास झाले तरी तुझ्या आठवड्यात झोपेला जागा होते. आणि त्याचंही भलंच आहे. उद्या तो शिकायला बाहेरगावी गेला की हे त्याला यावंच लागेल.

आता वेळापत्रक आखायचं कसं, ते. चार रंग राहू देत, आवडतात तुला. पण रविवारी रात्री त्यात दीड तास घालवायचा नाही. वीस मिनिटं, आणि पेन्सिलने. आधी ज्या गोष्टी हलत नाहीत त्या भर: लोकल, वर्ग, शिकवणी, झोप. मग जर्नल आणि असाइनमेंटच्या तारखा. मग अभ्यासाच्या जागा, आणि प्रत्येक जागेत एकच काम, तेही नेमकं. “ऑरगॅनिक” असं लिहू नकोस. “एसएन-वन आणि एसएन-टू अभिक्रिया, आठ प्रश्न” असं लिही. नुसता विषय लिहिला की समोर बसल्यावर पहिली पंधरा मिनिटं काय करायचं हे ठरवण्यातच जातात.

आणि ठरवलेल्या वेळेच्या दीडपट वेळ लागणार असं धरून चाल. १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. मुलांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात ५५ हून जास्त लागले. चांगली, अभ्यासू मुलं होती ती. कामाला लागणारा वेळ आपण सगळेच कमी धरतो. म्हणून शनिवारच्या पाच तासांतला एक तास रिकामा ठेव, त्यात काही लिहू नकोस. मंगळवारी लोकल चुकली, बुधवारी डोकं दुखलं, तर ते काम त्या तासात जाईल. ते काम बुधवारच्या रात्री ढकललंस की झोप जाते, आणि गुरुवारही हातातून जातो. काहीच राहिलं नसेल तर तो तास तुझा.

ही पत्रं वाचणारे बाकीचेही असतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. गावातून एसटीने येणाऱ्यांचं गणित तुझ्याहून अवघड असतं. सकाळी मुक्कामी गाडीने निघायचं, आणि संध्याकाळची गाडी चुकली की पुढची थेट रात्रीची. त्यांनी वेळापत्रक वर्गांवरून न आखता गाडीवरून आखावं. संध्याकाळच्या गाडीच्या आधी कॉलेजात जो वेळ मिळतो तो ग्रंथालयात घालवायचा, घरी पोचल्यावर अभ्यास धरायचाच नाही. आणि शेवटचं प्रॅक्टिकल गाडीच्या वेळेवर येत असेल तर विभागप्रमुखांना पहिल्याच आठवड्यात लेखी सांगावं, हजेरी कमी पडल्यावर नव्हे. सकाळचं कॉमर्स कॉलेज करून दुपारी नोकरी करणाऱ्यांनी रोज अभ्यासाचा हट्ट सोडून तीन पक्के दिवस धरावेत. वसतिगृहातल्या मुलांची अडचण वेगळीच असते, वेळ खूप आणि बांधलेलं काहीच नाही. त्यांनी दुपारी खोलीवर परतायचं टाळलं तरी निम्मं काम होतं. पलंग दिसला की अभ्यास संपतो.

तुझ्याकडे परत येते. हे नवं वेळापत्रक पहिल्या आठवड्यात पूर्ण पाळलं जाणार नाही. सोळातले अकरा-बारा होतील. तेव्हा वही फाडून नवं आखायला बसू नकोस. शनिवारी बघ, कोणत्या जागी दोनदा काम राहिलं. ती जागा चुकीची आहे, ती बदल. तीन-चार आठवड्यांत कोणती वेळ तुला लागू पडते हे तुलाच कळेल, आणि ते मी इथे बसून सांगू शकत नाही.

या आठवड्यात एकच काम आधी कर. प्रॅक्टिकलची बॅच आणि ओपन इलेक्टिव्ह बदलून मिळावा असा अर्ज दोन प्रतींत लिही. कारणात आसनगाव ते दादर प्रवासाचे तास लिही, पासची झेरॉक्स जोड, आणि गुरुवारच्या बॅचमधली कुणी शनिवारी यायला तयार असेल तर तिचंही नाव व सही घे. अदलाबदल असली की विभागाला हो म्हणणं सोपं जातं. एक प्रत विभागप्रमुखांना दे, दुसरीवर तारखेसह पोच घे. सत्राच्या पहिल्या पंधरवड्यातच हे होतं. बॅचच्या याद्या सह्या होऊन फळ्यावर लागल्या की सर इच्छा असूनही काही करू शकत नाहीत, म्हणून सोमवारीच जा.